बहुभाषिक सभासदाची भाषा वेबसाइटने कशी ठरवावी?

बेळगावातील एका सहकारी पतसंस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्याने एक प्रश्न विचारला आहे. साइटवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा द्यायच्या आहेत. सभासद बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी, हुक्केरी, गोकाक या भागांत आहेत आणि काही सीमेपलीकडे चंदगड व कागल तालुक्यांतही आहेत. साइट उघडणाऱ्याची भाषा त्याच्या ठिकाणावरून ओळखावी, फोनच्या सेटिंगवरून ओळखावी, की प्रत्येकाला आधी विचारावे, हा प्रश्नाचा मुख्य भाग आहे. मराठी भाषांतर अजून अपुरे असताना मराठीचा पर्याय दाखवावा का, हा दुसरा.

माझे उत्तर असे की ठिकाणावरून भाषा मुळीच ठरवू नये, फोनच्या सेटिंगचा उपयोग पहिल्या भेटीतील अंदाजापुरता करावा, आणि सभासदाने एकदा स्वतः भाषा निवडली की त्यानंतर साइटने स्वतःचे काही ठरवू नये. सीमाभागातील संस्थांसाठी बरीच वर्षे हे काम केल्यावर बनलेले हे मत आहे. त्यामागची कारणे तपशिलात सांगतो, कारण रचनेचे बहुतेक निर्णय त्या कारणांतूनच निघतात.

आधी ठिकाणाचे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेले सुमारे ६८ टक्के, मराठी सुमारे १९ टक्के आणि उर्दू सुमारे १० टक्के लोक आहेत. पण ही सरासरी झाली. खानापूर तालुक्याचे चित्र सौंदत्ती तालुक्यापेक्षा अगदी निराळे आहे, आणि बेळगाव शहरातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत एकाच गल्लीतल्या शेजारशेजारच्या घरांची भाषा वेगळी असते. शिवाय आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, मिळणारे ठिकाण हे बहुधा माणसाचे नसतेच. मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या केंद्रातून इंटरनेटवर जाते, त्या केंद्राची ती नोंद असते, त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या जांबोटीत बसलेला सभासद साइटला बेंगळूरुचा वाटू शकतो. जीपीएसने अचूक ठिकाण कळले तरी प्रश्न सुटत नाही. निपाणीत राहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा माणूस रोज कोगनोळीपाशी दोनदा राज्याची हद्द ओलांडतो, पण म्हणून त्याची वाचनाची भाषा बदलत नाही. आडनावावरून भाषा ओळखण्याची कल्पनाही अधूनमधून कोणीतरी मांडतो. पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे या जिल्ह्यात कन्नड आणि मराठी अशा दोन्ही घरांत आहेत, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

फोनच्या सेटिंगची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यात निदान माणसाच्या निवडीचा काही अंश असू शकतो. ब्राउझर प्रत्येक पान मागताना ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ नावाची एक ओळ सर्व्हरला पाठवतो. तिच्यात भाषांची यादी असते आणि प्रत्येक भाषेला शून्य ते एक यांमधले वजन देता येते. वजन दिलेले नसेल तर ते एक धरतात. मराठी १, कन्नड ०.८, इंग्रजी ०.५ अशी यादी आली, तर मराठी नसल्यास कन्नड द्यावी, कन्नडही नसल्यास इंग्रजी, असा तिचा सरळ अर्थ आहे. पुष्कळ साइटी मात्र या यादीतली पहिलीच भाषा पाहतात. कारवार किंवा हल्याळच्या एखाद्या ग्राहकाने कोकणी पहिली आणि मराठी दुसरी ठेवलेली असते, साइटवर कोकणी नसते, आणि दुसरी नोंद न वाचताच त्याला इंग्रजीत ढकलले जाते. ही संपूर्ण यादी क्रमाने तपासणे हे काम फार कोडचे नाही, आणि ते केलेच पाहिजे.

या यादीवर सगळीकडे सारखाच भरवसा मात्र ठेवू नका. आपल्याकडे बहुसंख्य फोन इंग्रजी सेटिंगवरच असतात, कारण दुकानदाराने किंवा घरातल्या मुलाने फोन सुरू करून देताना ते तसेच राहू दिलेले असते. म्हणून यादीत फक्त इंग्रजी दिसली, तर तिचा अर्थ ‘या माणसाला इंग्रजी हवी’ असा न घेता ‘या फोनवर कोणी भाषा निवडलेली नाही’ असा घ्यावा. याउलट यादीत मराठी किंवा कन्नड दिसली, तर कोणीतरी मुद्दाम सेटिंगमध्ये जाऊन ती ठेवली आहे, आणि तो संकेत भक्कम मानावा. माझ्या मते सीमाभागातील साइटसाठी हा भेद सगळ्यांत उपयोगी आहे. काही ब्राउझर खासगीपणा जपण्यासाठी पूर्ण यादी न देता एकच भाषा पाठवतात, हेही लक्षात असू द्या; म्हणजे यादी छोटी असणे हा ग्राहक एकभाषिक असल्याचा पुरावा नव्हे.

आता भाषा ठरवण्याचा क्रम. पानाच्या पत्त्यातच भाषा असावी, म्हणजे मराठी पानांचा पत्ता वेगळा, कन्नड पानांचा वेगळा, इंग्रजीचा वेगळा. पत्त्यात जी भाषा आहे तीच दाखवायची. त्यावर कशाचीही कुरघोडी नको. पत्त्यात भाषा नसेल, म्हणजे सभासद थेट मुख्य पत्त्यावर आला असेल, तर आधी त्याच्या खात्यात नोंदवलेली निवड, नंतर त्या ब्राउझरमध्ये कुकीने, म्हणजे साइटने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीने, जपलेली निवड, नंतर ॲक्सेप्ट-लँग्वेजची यादी, आणि काहीच हाती नसेल तर संस्थेने ठरवलेली मूळ भाषा. त्या मुख्य पत्त्यावरून योग्य भाषेकडे पाठवताना तात्पुरते पुनर्निर्देशन, म्हणजे ३०२, वापरावे. कायमचे, म्हणजे ३०१, वापरले तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि सभासदाने नंतर भाषा बदलली तरी त्याला जुन्याच पानाकडे नेत राहतो. एकाच पत्त्यावर यादी पाहून वेगवेगळ्या भाषा देण्याच्या रचनेत मधल्या कॅशचाही, म्हणजे पानांच्या तयार प्रती जपून ठेवणाऱ्या साठ्याचाही, धोका असतो. पहिल्या माणसासाठी तयार झालेले कन्नड पान कॅशमध्ये राहते आणि पुढच्या सगळ्यांना तेच मिळते. सर्व्हरने पानासोबत पाठवायच्या ‘व्हेरी’ या शीर्षकात ॲक्सेप्ट-लँग्वेजचा उल्लेख केला तर ते टळते, पण स्वतंत्र पत्ते ठेवल्यास तो प्रश्न मुख्य पत्त्यापुरताच उरतो.

मूळ भाषा कोणती असावी, यावर इथे वाद होतात आणि ते मनापासून होतात. संस्था कर्नाटकात नोंदलेली आहे, जिल्ह्यात बहुसंख्य कन्नड भाषक आहेत. काहीच माहिती नसताना कन्नड दाखवणे योग्य आहे आणि त्याने मराठी सभासदाचा अपमान होत नाही, मात्र ‘मराठी’ हा शब्द पहिल्या नजरेत, देवनागरीत, कन्नडइतक्याच आकारात समोर असला पाहिजे. तो तीन आडव्या रेघांच्या मेनूत किंवा पानाच्या तळाशी दडवला, तर मात्र रागाला कारण आहे. प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहावे. कन्नड न येणारा माणूस कन्नड पानावर अडकला असेल, तर त्याला वाचता येणारा एकमेव शब्द तोच असतो. भाषांसाठी झेंडे वापरू नयेत. भाषेला झेंडा नसतो हे जगभर खरे आहे, आणि बेळगावात तर लाल-पिवळा आणि भगवा या दोन्हींना जे अर्थ आहेत ते पतसंस्थेच्या साइटवर आणण्याचे काहीच कारण नाही.

दुव्यांचा विचार अनेक जण करत नाहीत, आणि आपल्याकडे निम्मी वाहतूक व्हॉट्सॲपवरून येते असे समजूनच चालावे. कोल्हापूरच्या भावाने मराठी पानाचा दुवा पाठवला आणि गोकाकमधल्या बहिणीने तो उघडला. तिची कुकी कन्नडची आहे. इथे काही साइटी तिला आपोआप कन्नड पानावर नेतात, मग भावाने फोनवर सांगितलेली ओळ तिला सापडत नाही. दुव्यात जे पान आहे तेच उघडावे, आणि वरच्या बाजूला एक बारीक पट्टी कन्नडमध्ये असावी की हे पान कन्नडमध्येही उपलब्ध आहे. आलेला दुवा उघडला एवढ्यावरून तिची जपलेली निवडही बदलू नये; निवड बदलते ती फक्त तिने भाषेचे बटण दाबल्यावर.

ते बटण दाबल्यावर काय होते, यावर साइटची खरी परीक्षा होते. एक उदाहरण जवळून पाहू. कर्जाचा अर्ज तीन टप्प्यांचा आहे. सभासदाने पहिल्या टप्प्यात नाव, पत्ता, जामीनदार भरले, दुसऱ्यात उताऱ्याची आणि पगारपत्रकाची प्रत चढवली, आणि तिसऱ्या टप्प्यावर ‘हप्त्याची आगाऊ परतफेड’ या अटीचा अर्थ कन्नडमध्ये नीट लागेना म्हणून त्याने ‘मराठी’ दाबले. एका संस्थेच्या साइटवर मी स्वतः हे केले तेव्हा मराठी मुख्यपान उघडले आणि भरलेला अर्ज गेला. अशा अनुभवानंतर माणूस पुन्हा भाषा बदलायचे धाडस करत नाही. न समजलेल्या अटीवर सही करून मोकळा होतो. कर्जाच्या कागदावर हे घडणे गंभीर आहे. म्हणून बटणाने त्याच पानाची, त्याच टप्प्याची दुसऱ्या भाषेतली प्रत उघडावी, भरलेली माहिती सर्व्हरवर मसुदा म्हणून जपलेली असावी, आणि पान ज्या परिच्छेदावर होते तिथेच थांबावे. नाव, पत्ता, जामीनदार ही सभासदाने स्वतः लिहिलेली माहिती भाषा बदलताना यंत्राकडून लिप्यंतरित करू नये. त्याने नाव ज्या लिपीत लिहिले तसेच ते राहावे, नाहीतर आधारवरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळेनासे होते.

यापेक्षाही खोलवरचा दोष म्हणजे भाषा आणि राज्य यांची गाठ मारणे. मोठ्या कंपन्यांच्या साइटींवर मराठी निवडले की पुष्कळदा महाराष्ट्रच निवडला जातो. शाखांच्या यादीत कोल्हापूर आणि सांगली येतात, पत्त्याच्या अर्जात राज्य आधीच महाराष्ट्र भरलेले असते, आणि ५९०००१ हा पिन कोड टाकला की तो चुकीचा असल्याचा संदेश येतो. मजकुरातही तोच प्रकार: जमिनीच्या कागदासाठी सातबारा मागितलेला असतो, तर खानापूरच्या शेतकऱ्याकडे कर्नाटकच्या महसूल खात्याचा उतारा असतो. बेळगावच्या मराठी माणसाला मराठी हवी असते, म्हणून त्याचे तहसील कार्यालय, मुद्रांक शुल्क आणि वीज कंपनी बदलत नाही. तुमच्या साठ्यात भाषा हा एक रकाना आणि राज्य हा दुसरा रकाना असला पाहिजे, आणि एकात बदल झाल्याने दुसऱ्यात काहीही बदलता कामा नये. चंदगडचा सभासद कन्नड निवडू शकतो आणि संकेश्वरचा मराठी, दोघांनाही आपापल्या राज्याचे नियम दिसले पाहिजेत. महाराष्ट्रासाठी तयार झालेले मराठी भाषांतर उचलून इथे वापरायचे असेल, तर कार्यालयांची आणि कागदपत्रांची नावे इथल्या जाणकाराकडून तपासून घ्या.

एका माणसाची एकच भाषा असते, हे गृहीतही सोडावे लागेल. घरात मराठी बोलणारी, पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली एक पूर्ण पिढी आता तुमच्या सभासदांत आहे. तिच्यातल्या अनेकांना ऐकायला मराठी बरी वाटते आणि वाचायला कन्नड सोपी जाते. उलट, जुन्या सभासदांत कन्नड सफाईने बोलणारे पण ती लिपी वाचू न शकणारे पुष्कळ आहेत. म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा, मोबाइलवर येणाऱ्या संदेशांची भाषा आणि फोनवरून बोलण्याची भाषा या तीन निवडी वेगळ्या ठेवा. सुरुवातीला तिन्हींत एकच भाषा भरून ठेवली तरी चालेल, पण त्या स्वतंत्रपणे बदलता आल्या पाहिजेत.

संदेशांच्या बाबतीत खर्चाचा मुद्दा तुमच्या व्यवस्थापकांकडून येणारच. साध्या रोमन अक्षरांतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात; देवनागरी किंवा कन्नड लिपी युनिकोडमध्ये पाठवताना ती मर्यादा ७० वर येते, आणि मजकूर लांबला की एका संदेशाचे दोन-तीन भाग होऊन तितक्यांदा पैसे पडतात. यावर उपाय मजकूर आखडण्याचा आहे, मराठी सोडण्याचा नाही. ‘हप्ता रु. २,४०० दि. १० ला देय’ हे ७० अक्षरांत आरामात बसते. प्रत्येक भाषेतला साचा डीएलटी या संस्थांच्या एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागत असल्यामुळे मराठी आणि कन्नड साचे पहिल्याच फेरीत नोंदवून टाका, नंतर ते राहूनच जातात.

अनेक सभासद स्वतःच्या फोनवरून साइट उघडणारही नाहीत. ते कर्नाटक सरकारच्या ‘ग्राम वन’ सेवा केंद्रात किंवा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातील आणि तिथला चालक त्यांच्यासाठी अर्ज भरेल. चालकाच्या संगणकावर कन्नड किंवा इंग्रजी असेल, आणि त्याचे काम भराभर होण्यासाठी ती तशीच राहणे योग्य आहे. पण छापली जाणारी पावती सभासदाच्या हातात जाते, म्हणून पावतीची भाषा पडद्याच्या भाषेशी बांधू नका. ती सभासदाच्या खात्यातल्या नोंदीवरून घ्या. अशा सामायिक संगणकावर कुकीने जपलेली निवड मागच्या माणसाची असते, त्यामुळे लॉगिन होताच खात्यातली निवड लागू व्हावी आणि बाहेर पडताना ती त्या संगणकावरून पुसली जावी.

आता काही तांत्रिक बाबी, ज्यांकडे दुर्लक्ष झाले तर वरची सगळी मेहनत वाया जाते. भाषेचा प्रमाणित संकेत मराठीसाठी एमआर आणि कन्नडसाठी केएन असा आहे. गाड्यांच्या पाट्यांवर केए-२२ पाहायची सवय असल्यामुळे कन्नडसाठी केए लिहिलेले मी वरचेवर पाहतो; केए हा जॉर्जियन भाषेचा संकेत आहे, आणि शोधयंत्र तुमचे कन्नड पान जॉर्जियन समजून बसते. प्रत्येक पानाच्या मुळाशी हा संकेत बरोबर असला की दृष्टिहीन सभासदाचा वाचक-कार्यक्रम योग्य आवाज निवडतो, नाहीतर तो मराठी मजकूर हिंदी उच्चारांत वाचतो. चांगल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही याच संकेतामुळे उमटतात. मराठी पानात मधेच एखादा परिच्छेद कन्नड असेल तर तेवढ्या भागाला वेगळा संकेत द्यावा. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ही अपेक्षा स्पष्ट आहे. तिन्ही भाषांच्या पानांनी, त्याच पानाच्या इतर भाषांतील प्रती शोधयंत्राला सांगणाऱ्या ‘एचरेफ-लँग’ खुणांनी, एकमेकांकडे बोट दाखवावे, आणि ते परस्पर असावे, कारण उलट दिशेची खूण नसेल तर गूगल ती जोडी मानत नाही. गूगलचा यंत्रमानव पाने गोळा करताना सहसा ॲक्सेप्ट-लँग्वेजची ओळ पाठवत नाही, त्यामुळे स्वतंत्र पत्ते नसतील तर तुमची मराठी पाने त्याला दिसणारच नाहीत.

अंकांकडे विशेष लक्ष द्या. जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या सुविधेला मराठी सांगून संख्या छापायला लावली, तर ती आपोआप देवनागरी अंक देते. कन्नड सांगितले तर मात्र इंग्रजी अंक देते, कारण युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंचात दोन्ही भाषांची मूळ अंकपद्धती तशी नोंदलेली आहे. शिल्लक रक्कम देवनागरी अंकांत दिसणे मराठी वाचकाला सुखाचेच आहे. पण खाते क्रमांकही तसाच छापला गेला आणि सभासदाने तो उचलून दुसऱ्या रकान्यात चिकटवला, की तपासणी करणारा कोड, ज्याला फक्त इंग्रजी अंक कळतात, तो क्रमांक अवैध ठरवतो. सभासदाच्या नजरेने पाहा: साइटनेच दिलेला क्रमांक साइटच नाकारते. म्हणून रक्कम आणि तारीख भाषेप्रमाणे दाखवा, खाते क्रमांक, आयएफएससी आणि फोन क्रमांक सगळ्या भाषांत एकाच अंकांत ठेवा, आणि भरायच्या प्रत्येक रकान्यात देवनागरी, कन्नड व इंग्रजी असे तिन्ही अंक स्वीकारून आतल्या आत बदलून घ्या. शोधाच्या रकान्यातही अशीच उदारता हवी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे, पण शाखा शोधणारा माणूस बेळगाव, बेळगावी किंवा बेलगाम यांपैकी काहीही, कोणत्याही लिपीत लिहील. सगळ्यांना शाखांची तीच यादी मिळाली पाहिजे.

राहिला अपुऱ्या भाषांतराचा प्रश्न. मराठीचा पर्याय सगळे पूर्ण होईपर्यंत रोखून धरू नका, पण अर्धवट पानेही दाखवू नका. पान हे भाषांतराचे एकक धरावे, आणि अर्जाच्या बाबतीत सगळे टप्पे मिळून एक एकक. मेनू मराठी, मजकूर कन्नड आणि चूक दाखवणारा संदेश इंग्रजी, अशी सरमिसळ असलेला अर्ज कोणालाच पूर्ण कळत नाही. जे पान मराठीत नाही, त्याच्या दुव्यापुढे मराठी मेनूतच ‘हे पान कन्नडमध्ये आहे’ असे लिहावे, म्हणजे दाबण्याआधी कळते. आणि न सापडलेल्या पानासाठी इंग्रजीकडे धावण्याऐवजी सभासदाची दुसरी भाषा कोणती ते पाहावे; इथे ती बहुधा कन्नड असते.

भाषांतराचा क्रम सभासदाचे नुकसान कुठे होऊ शकते यावरून लावा. व्याजदर, कर्जाच्या अटी, थकबाकीची सूचना, अर्जातले चूक दाखवणारे संदेश आणि तक्रार नोंदवण्याचे पान आधी. संस्थेचा इतिहास आणि अध्यक्षांचे मनोगत शेवटी. व्यवहारात बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो, कारण मनोगत भाषांतराला सोपे असते. व्याजदर आणि अटी यंत्राच्या भाषांतरावर सोडू नका; त्या माणसाकडून करून, संस्थेच्या वकिलांकडून पाहून घ्या, आणि मतभेद झाल्यास कोणत्या भाषेतला मजकूर ग्राह्य धरायचा हे त्याच पानावर तिन्ही भाषांत छापा. एवढी पाने आणि कर्जाचा एक अर्ज मराठीत पूर्ण झाला की बाकीच्यांची वाट न पाहता मराठीचे बटण सुरू करायला हरकत नाही.